दुभाष्याचा शीण

पुण्यातल्या एका बालविकास केंद्रात सहा वर्षांच्या मुलाची तपासणी चालू आहे. आई प्रश्नावली भरते आहे. हाक मारल्यावर मूल वळून पाहतं का? नेहमीचा रस्ता बदलला तर कासावीस होतं का? सदऱ्याच्या आतलं लेबल टोचतं म्हणून कपडे काढून टाकतं का? दहा-बारा प्रश्नांनंतर तिचं पेन थांबतं. समोरच्या मानसशास्त्रज्ञ बाईंना ती विचारते, "मॅडम, यात वेगळं काय आहे? मीपण अशीच होते. अजून आहे."

बाई तिच्याकडे बघतात आणि हळू आवाजात म्हणतात, "मग तुमच्याबद्दलही आपण कधीतरी बोलू."

प्रौढ वयात स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान झालेल्यांपैकी अनेकांची गोष्ट अशीच सुरू होते. निदान आधी मुलाचं होतं आणि त्या निदानाच्या आरशात आई किंवा बाप स्वतःला ओळखतो. या प्रकरणातली बाई, म्हणजे प्रश्नावली भरणारी ती आई, एक्केचाळीस वर्षांची आहे. सोलापूरच्या भवानी पेठेत राहते, टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघते. ती कुणी ठरावीक व्यक्ती नाही. अशा निदान झालेल्यांच्या हकिगतींत जे पुन्हा पुन्हा येतं, ते एका घरात ठेवून नीट पाहता यावं म्हणून मी तिला या पेठेत वसवलं आहे. पेठ मात्र खरी आहे आणि मी ती मुद्दाम निवडली आहे.

भवानी पेठेत घोंगडे वस्तीकडून मड्डी वस्तीकडे चालत जाताना कानावर दोन गोष्टी पडत राहतात. एक यंत्रमागांची खटखट, आणि दुसरी एकाच वाक्यात मिसळलेल्या तीन भाषा. विणकामासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या घरात तेलुगू, शाळेत आणि कचेरीत मराठी, अक्कलकोटकडून आलेल्या गिऱ्हाइकाशी कन्नड. इथलं पोर पाचव्या-सहाव्या वर्षी कुणाशी कोणती भाषा बोलायची ते आपोआप शिकतं. आमची बाईही शिकली. तिची अडचण चौथ्या भाषेची होती. ती भाषा सगळ्यांना जन्मतः येत असावी असं तिला वाटे, आणि तिला ती कुणी शिकवली नव्हती.

बारा वर्षांची असताना शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आता जेवायलाच बस की." ती बसली, पोटभर जेवली. घरी आल्यावर आईचा मार खाल्ला. त्या वाक्याला 'नको, घरी स्वयंपाक झालाय' असं उत्तर द्यायचं असतं आणि मग समोरचा दोनदा आग्रह करतो, तिसऱ्यांदा केला तर तो खरा, हा हिशेब तिला कळला नव्हता. गणितात पहिली येणाऱ्या मुलीला तो हिशेब का कळू नये, हे आईला कळलं नाही. मग तिला नावं मिळत गेली. घुमी. शिष्ट. माणूसघाणी. हट्टी. मराठीत अशा माणसासाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. ते सगळे शब्द दोषाचे होते, एवढंच.

तिच्यातलं दुसरं काही असं होतं, ज्याला कुणी नावच दिलं नाही. चादरीच्या मागावर जकार्ड असतं. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली असतात. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि त्यातून चादरीवर मोर किंवा फूल उमटतं. वडिलांच्या मागाशेजारी बसून ही मुलगी पट्ट्यांवरची भोकं वाचायची आणि कापड विणण्याआधी नक्षी सांगायची. मागांच्या आवाजात तिला गाढ झोप लागे. वीज गेली आणि खटखट थांबली की ती दचकून उठे. तीच मुलगी कुकरच्या शिट्टीने रडे आणि लग्नाच्या वरातीतून पळून जाई. घरच्यांना हे नखरे वाटले. खरं तर त्यात एक सुसंगती होती. मागाचा ठोका कधी पडणार हे ठाऊक असतं, शिट्टी कधी होणार हे ठाऊक नसतं. स्वमग्न मेंदूला आवाजाच्या मोठेपणाइतकाच त्याचा अनपेक्षितपणा जाचू शकतो. 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपली निदानपुस्तिका सुधारली, तेव्हा कुठे आवाज, स्पर्श, उजेड, वास यांबद्दलची ही तीव्र किंवा मंद संवेदना निदानाच्या निकषांत आली. आमची बाई तेव्हा शाळा-कॉलेज संपवून नोकरीला लागली होती.

विज्ञान तिच्यापर्यंत उशिरा पोचण्याची ही एकच वेळ नव्हे. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1911 साली ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', यावरून घडवला, तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. 1925 साली मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांचं वर्णन केलं, ते आज वाचताना स्वमग्नतेचंच वाटतं. पण ते जगाच्या नजरेआड राहिलं. 1943 साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला. त्यांत आठ मुलगे होते आणि तीन मुली. तिथून स्वमग्नता म्हणजे लहान मुलांचा, मुख्यतः मुलग्यांचा, दुर्मीळ आजार असं चित्र पक्कं झालं. लंडनच्या लॉर्ना विंग या स्वतः स्वमग्न मुलीच्या आई होत्या. त्यांनी 1979 आणि 1981 सालच्या आपल्या कामातून हे चित्र मोडलं. ही एक रुंद पट्टी आहे, तिच्यात बोलणारी, शिकलेली, नोकरी करणारी माणसंही येतात, हे त्यांनी दाखवलं.

भारतात 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. स्वमग्नता त्यांत नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तिला पूर्ण जागा मिळाली. म्हणजे 1990 च्या दशकात भवानी पेठेतल्या शाळेत ही मुलगी शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसत होती, तेव्हा तिच्या बाईंजवळ वापरायला शब्दच नव्हता. 'वर बघ' असं म्हणून हनुवटी धरणं एवढंच त्यांना सुचलं.

अशी किती माणसं असतील? इंग्लंडमध्ये 2007 साली सात हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. घरी राहणाऱ्या प्रौढांत शंभरातला साधारण एक जण स्वमग्न निघाला. अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. पाहणीत जे स्वमग्न आढळले, त्यांपैकी एकालाही ते आधी ठाऊक नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज 127 माणसांत एक असा आहे. 2011 च्या जनगणनेत सोलापूर शहराची वस्ती साडेनऊ लाख होती. या प्रमाणाने साडेसात हजारांच्या आसपास माणसं होतात. त्यांतले बहुतेक प्रौढ आहेत आणि 'घुमा' किंवा 'तऱ्हेवाईक' या नावाने तुमच्या-माझ्या ओळखीचेही असतील.

ती लपून कशी राहिली? मेहनत करून. आमच्या बाईने चौथी भाषा पाठ केली. डोळ्यांत बघवत नाही म्हणून ती समोरच्या बाईच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघते. लग्नासाठी तिची वाक्यं ठरलेली आहेत: "प्रवास बरा झाला ना?", "मुलं कितवीला आहेत?", "निघते आता, उशीर होतोय." लोक हसले की ती अर्ध्या क्षणाने हसते. लंडनच्या लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली 92 स्वमग्न प्रौढांच्या अनुभवांवरून या वेशांतराचा अभ्यास मांडला. का करता, कसं करता आणि त्याची किंमत काय, असे त्याचे तीन भाग होते. किंमत सांगताना पुन्हा पुन्हा आलेली गोष्ट होती थकवा. एका लग्नानंतर आमची बाई दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून असते. सासरी त्याला आळस म्हणतात. दिवसभर एका भाषेतून दुसऱ्या भाषेत बोलणं फिरवणाऱ्या दुभाष्याला संध्याकाळी जो शीण येतो, तो हा आहे. फरक इतकाच की दुभाष्याला संध्याकाळी घरी जाऊन आपल्या भाषेत बोलता येतं.

इथे आपल्या 'स्वमग्न' या शब्दाबद्दल थोडं बोललं पाहिजे. तो रूढ झाला आहे, कायद्याच्या मराठीत आहे, म्हणून मीही वापरतो आहे. पण तो मला खुपतो. स्वतःत मग्न! जी बाई चोवीस तास दुसऱ्यांचे चेहरे, आवाज, विराम वाचत बसली आहे, आपलं काही चुकलं का हे रात्री दोन वाजता तपासते आहे, तिला 'स्वतःत बुडालेली' म्हणायचं? ब्लॉयलर यांनी बाहेरून जे दिसलं त्याला नाव दिलं, आणि आपण ते तसंच मराठीत आणलं. आतून विचारलं असतं तर दुसराच शब्द निघाला असता.

आतून विचारणारा एक माणूस म्हणजे डेमियन मिल्टन. हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः स्वमग्न आहेत आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. 2012 साली त्यांनी एक साधा मुद्दा मांडला. दोन माणसांना एकमेकांचं कळत नसेल, तर दोष एकाचाच कसा? स्वमग्न माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही म्हणता, मग इतरांना तरी त्याचं कुठे वाचता येतं? 2020 साली स्कॉटलंडच्या कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग करून तपासलं. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे बिगरस्वमग्न असलेल्या साखळीत. मिसळलेल्या साखळीत मात्र ती जास्त गळली. म्हणजे खोट माणसात नव्हती, गळती दोघांच्या मधल्या सांध्यात होती. भवानी पेठेला हे समजावून सांगायची गरज नाही. तेलुगू येत नाही म्हणून मराठी माणूस मंद ठरत नाही आणि मराठी अडखळली म्हणून तेलुगू माणूसही नाही, हे इथलं रोजचं शहाणपण आहे.

आता निदानाकडे येऊ. स्वमग्नतेसाठी रक्ताची चाचणी नाही, मेंदूच्या चित्रातही ती दिसत नाही. मनोविकारतज्ज्ञ किंवा नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ लांबलचक मुलाखती घेतात. आज काय अडतं ते विचारतात आणि लहानपणापासून तसंच होतं का हेही तपासतात, कारण स्वमग्नता मधेच लागत नाही. म्हणून आईला, मोठ्या बहिणीला सोबत नेतात, शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधतात. निकष दोन बाजूंचे आहेत. एक बाजू माणसांशी देवाणघेवाणीची, तर दुसरी ठरावीकपणाची, तीव्र आवडींची आणि संवेदनांची. लहानपणीची लक्षणं पुढे शिकलेल्या युक्त्यांमागे झाकली जाऊ शकतात, हेही 2013 च्या निकषांनी मान्य केलं आहे. चिंतारोग, नैराश्य, एकाग्रतेचा विकार यांच्याशी गल्लत होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. कधी कधी ते स्वमग्नतेबरोबरच असतात. सायमन बॅरन-कोहेन यांच्या चमूची 2001 ची पन्नास प्रश्नांची चाचणी अनेक जण स्वतःच सोडवतात. ती दार ठोठावते, दार उघडणं तज्ज्ञाचं काम आहे. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात सुरुवात करता येते.

निदान आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुष्कळांची निराशा या गोंधळातून होते. सरकारी प्रमाणपत्रासाठी 'आयएसएए' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली बेरीज आली तर स्वमग्नता धरत नाहीत. सत्तरला 40 टक्के दिव्यांगत्व मिळतं, आणि नोकरीतल्या आरक्षणासारखे लाभ 40 टक्क्यांपासून सुरू होतात. ही पट्टी मुख्यतः बाहेरून दिसणारं वागणं मोजते. टिकलीकडे बघून आयुष्य काढलेली बाई तिच्यात सहज सत्तरच्या खाली राहू शकते. त्याने तिचं निदान खोटं ठरत नाही.

निदान ऐकल्यावर पहिल्यांदा येते ती बहुधा सुटका. स्कॉटलंडची गायिका सुझन बॉइल हिला लहानपणी मेंदूला इजा झालेली मुलगी म्हटलं गेलं. पन्नाशी ओलांडल्यावर तिला ॲस्पर्जर सिंड्रोमचं, म्हणजे स्वमग्नतेच्याच एका प्रकाराचं, निदान मिळालं, 2013 मध्ये तिने ते जाहीर केलं आणि बरं वाटल्याचंही सांगितलं. नाव बदललं की जुन्या आठवणींचा अर्थ बदलतो. मार खाल्लेली ती संध्याकाळ आठवली की आमच्या बाईला आता लाज वाटत नाही. तिला त्या बारा वर्षांच्या पोरीची कणव येते.

पण सुटकेच्या पाठोपाठ दुःख येतं आणि ते टाळता येत नाही. कुणी तीस वर्षं आधी सांगितलं असतं तर? ती शिक्षिकेची नोकरी सोडली नसती, त्या मैत्रिणीशी भांडण झालं नसतं, इतकी वर्षं स्वतःला शिव्या दिल्या नसत्या. मग राग येतो, त्यानंतर शंका. सगळं जमवत आलोच की, मग मी उगीच निमित्त तर शोधत नाही ना? ही शंका येणं इतकं सार्वत्रिक आहे की तिला घाबरू नये. हे दिवस एकट्याने काढण्याचे नाहीत. केंब्रिजच्या एका दवाखान्यात प्रौढपणी ॲस्पर्जरचं निदान झालेल्या 374 जणांना विचारलं तेव्हा 66 टक्क्यांनी कधी ना कधी आत्महत्येचा विचार मनात आल्याचं सांगितलं होतं. ही 2014 ची नोंद आहे. असा विचार डोकावला तर 14416 या 'टेलिमानस' क्रमांकावर दिवसा-रात्री मराठीत बोलता येतं. जवळच्या माणसांनी हा क्रमांक स्वतःच्या फोनमध्येही ठेवावा.

घरात बातमी पोचते तेव्हा आईचा पहिला प्रश्न असतो, "माझं काय चुकलं?" या प्रश्नामागे विज्ञानाचाही अपराध आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर मायेचा ओलावा नसलेल्या आईमुळे मूल स्वमग्न होतं असं सांगणारे तज्ज्ञ होते, आणि असंख्य आयांनी तो बोल सोसला. 1977 साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या अभ्यासल्या आणि कारण मोठ्या अंशी अनुवंशात आहे हे दाखवलं. आमच्या बाईने आईला हे तेलुगूत समजावलं. आई बराच वेळ बोलली नाही. मग तिने नवऱ्याची आठवण काढली. रोज एकाच टपरीवर एकाच वेळी चहा, लग्नकार्यात मंडपामागे उभा राहणारा, बारा मागांच्या गोंगाटात कुठल्या मागावर धागा तुटला ते आवाजावरून सांगणारा. "लोक त्यांना गर्विष्ठ म्हणायचे," ती म्हणाली. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्या रात्री त्या घरात आणखी एक निदान झालं, कागदाशिवाय.

पुढे काय करायचं? स्वमग्नता बरी करायचं औषध नाही, आणि ते शोधत फिरण्यात पैसा आणि उमेद घालवू नये. बदलायचं ते आजूबाजूचं. आमच्या बाईने कारखान्यात मालकांना एवढंच सांगितलं की कामं तोंडी न सांगता चिठ्ठीवर द्या आणि माझं टेबल भिंतीकडे वळवा. निदान सांगितलं नाही. कुणाला सांगायचं हा हक्क तिचा आहे. 2016 च्या कायद्यात अशा बदलांना वाजवी सोय म्हटलं आहे आणि सरकारी आस्थापनांवर ती देण्याचं बंधन आहे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या यात्रेला, ती आता अक्षता सोहळ्याच्या गर्दीत जात नाही. अडुसष्ट लिंगांची नावं तिला क्रमाने पाठ आहेत, सातही नंदीध्वज ती ओळखते, त्या भक्तीत काही उणं नाही. यात्रा ओसरल्यावर पहाटे ती तळ्यातल्या देवळात जाते. लग्नाला जाते पण तासभर, कानात कापसाचे बोळे घालून. सगळी युक्तिवाक्यं तिने टाकून दिलेली नाहीत. मुखवटा एका दिवसात उतरवणं धोक्याचंही असू शकतं. कुठे घालायचा आणि कुठे नाही हे मात्र आता ती ठरवते.

कॅनर यांच्या निबंधातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या छोट्या गावात वाढला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, जग फिरला आणि 2023 साली 89 व्या वर्षी वारला. त्याला भेटलेल्या पत्रकारांनी गावाबद्दल एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. गावाने त्याला आहे तसा आपला मानला. डोनाल्डच्या घरी पैसा होता, हे खरं. पण गावाने जे दिलं त्याला पैसा लागत नाही.

परवा पुतण्याच्या साखरपुड्यात धाकट्या जावेने एक खुर्ची दाराजवळ, स्पीकरपासून लांब, बाजूला काढून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं. तासाभराने ती जवळ आली आणि म्हणाली, "वैनी, जेवून जाणार का? खरंच विचारतेय."

"नको, घरी जाऊन जेवते."

"बरं," जाऊ म्हणाली, आणि डबा भरून आणला.